आप्पांचं अस्खलित भाषण

आमच्याकडे दहावा म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी प्रचारसभा. इकडे पिंड मांडलेले असतात आणि तिकडे माइकवर पुढारी बोलत असतो. मयताला तो ओळखत नसला तरी त्याचं काही अडत नाही. माझ्या वडिलांना, पोपटराव आप्पांना, या प्रकाराची मनापासून चीड होती. जायच्या आधी त्यांनी माझा हात धरला आणि अडखळत अडखळत एवढंच मागितलं.

"हर्षदा, मा... माझ्या द... दहाव्याला त्यो वि... विश्वजीत बोलता कामा न्हाई."

मी शब्द दिला.

आप्पा जन्माचे तोतरे. विश्वजीत आमच्या भावकीतला, नात्यानं त्यांचा पुतण्या. मागे एका ग्रामसभेत आप्पा कालव्याच्या चारीला पाणी सोडावं म्हणून बोलायला उभे राहिले. त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत या बहाद्दरानं माइक घेतला आणि त्यांच्या अडखळण्याची नक्कल केली. सभा पोट धरून हसली. आप्पा खाली बसले ते कायमचेच. त्यानंतर ते कुठल्या सभेला गेले नाहीत.

त्यांना मुलगा नाही, म्हणून पिंड मीच ठेवला. भावकीनं नाकं मुरडली, मुरडू देत. मला काळजी होती ती माइकची. सूत्रसंचालकाला मी आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, की विश्वजीतचं नाव पुकारायचं नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं, कारण विश्वजीत यंदा जिल्हा परिषदेला उभा राहतोय. पण मयताच्या मुलीला नाही कसं म्हणणार? मान डोलावून गेला बिचारा.

आमच्या खुटबावच्या दशक्रिया घाटावर त्या दिवशी भलामोठा एलईडी स्क्रीन उभा होता. विश्वजीतनंच आणवला होता. आप्पांचा फोटो दाखवतील, असं मला वाटलं. महाराजांचं प्रवचन झालं, दोघंतिघं श्रद्धांजली वाहून गेले. विश्वजीत पांढऱ्या कडक इस्त्रीत पहिल्या रांगेत हात जोडून गप्प बसलेला. चला, सुटलो, म्हणून मी श्वास सोडला. तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, "आन् आता सोता आप्पाच आपल्याशी दोन शबूद बोलत्याल."

स्क्रीनवर आप्पा आले. आप्पा कसले! उन्हातान्हात रापलेल्या माझ्या बापाच्या जागी गोरापान, गुलाबी गालांचा एक म्हातारा बसला होता. टोपी जाऊन भगवा फेटा आलेला. मिश्रीनं काळे पडलेले दात पांढरेशुभ्र. पाठीमागे ढग. डोळे टक्क उघडे, पापणी काही लवत नव्हती. त्यानं ओठ हलवले.

"माझ्या गावकऱ्यांनो," तो खणखणीत बोलला, एकदाही न अडखळता. "मी हाय तितं सुखात हाय. माझ्या मागं माझा विश्वजीत तुमची सेवा करंल. रंगू, हर्षदा, त्याला सांभाळून घ्या."

"बंद करा त्ये!" मी ओरडले. लोकांना वाटलं, पोरीला भडभडून आलं. कुणीतरी पाणी आणलं. माझ्या आईनं, रंगूनं, आणि बाकीच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. आप्पांबरोबर ज्यांचा जन्म गेला ते म्हातारेही स्क्रीनपुढे हात जोडून उभे होते. ग्रामसभेत हसली होती ती हीच माणसं. हसवलं की हसायचं, रडवलं की रडायचं. मला त्या सगळ्या घाटाची शिसारी आली.

तेरावं उरकल्यावर मी केडगावला, तो व्हिडिओ बनवणाऱ्या सुमितच्या दुकानात गेले. हा पूर्वी वाढदिवसाचे फ्लेक्स करायचा, आता पाटीवर 'एआय आर्टिस्ट' लिहितो. भिंतभर तालुक्यातली पोरं गोरी होऊन, गॉगल लावून, वाघाशेजारी उभी.

"कसा वाटला व्हिडिओ, ताई? समद्या ग्रुपवर फिरतोय," तो खुशीत म्हणाला.

"आप्पांचा आवाज कुठनं आनला?"

"आवाज कुठं व्हता? आप्पा कवा फोनवर तरी बोलायचे का? मग विश्वजीतदादांचाच घेतला. जरा म्हातारा केला, झालं."

म्हणजे नक्कल करणाऱ्यानंच माझ्या बापाच्या तोंडात शिरून स्वतःला आशीर्वाद दिला होता.

"आन् त्यांचं अडखळनं?"

"त्ये कशाला ठेवायचं, ताई? फोटोतला डाग काढतोच की आपन."

मी त्याला व्हिडिओ पुसून टाकायला सांगितलं. तो हसला. तालुकाभर गेलेली गोष्ट आता कशी पुसायची, म्हणाला. मी त्याच्या उंबऱ्यावर थुंकले आणि निघाले.

घरी आले तर आई ओट्यावर बसून मोबाईलवर तोच व्हिडिओ बघत होती. विश्वजीतनं आठवणीनं पाठवला होता म्हणे. मी तिच्यापुढे बसून सगळं सांगून टाकलं. आवाज कुणाचा, दात कुणी घासले, अडखळणं कुणी काढलं, सगळं.

"ठाव हाय मला," आई म्हणाली. "इतका संसार केला, मला कळंना व्हय?"

"मग कशाला ऐकतीस?"

"तुज्या बापाला माजं नाव कवा जमलंच न्हाई. रं, रं करून दमायचे, मंग नुस्तं 'अगं' म्हनायचे. जन्म गेला माजा 'अगं' ऐकन्यात." तिनं बोटानं व्हिडिओ पुन्हा मागे ओढला. "ऐकू दी मला."

त्या मोबाईलकडे मला बघवेना, आणि आईच्या हातातून तो ओढून घेण्याचीही माझी छाती होईना.

"रंगू, हर्षदा, त्याला सांभाळून घ्या," विश्वजीत आप्पांच्या तोंडून म्हणाला.

"व्हय, घेती की," आई म्हणाली आणि तिनं पदरानं काच पुसली.