मधासारखं जळकं तेल

जगतारसिंगच्या मते गावातला प्रत्येक मेकॅनिक चोर होता, म्हणून बुलेटचं तेल तो स्वतःच अंगणात बदलायचा. त्याने इंजिनाखालचा बोल्ट काढला, की जळकं तेल न्यायला गल्ली हजर! खाटेच्या पायांना ते फासलं की वाळवी फिरकत नाही. आज पहिला डबा भरून चन्नो वहिनी घेऊन गेली. उरल्यासुरल्या थेंबांच्या आशेने महिंदरो मावशीने आपला डबा खाली सरकवला.

जगतारने वरून नवं तेल ओतायला घेतलं. तोंड चालूच होतं. "इंजिनाला आईच्या मायेने पाजावं लागतं, मावशी! त्या चोरट्यांना काय कळणार?"

बाटली रिकामी झाली. मावशीने डबा ओढला आणि तिचे डोळे विस्फारले.

"अरे जगतारा, तुझं जळकं तेलसुद्धा मधासारखं रे!"

जगतारची छाती फुगली. "मग! गाडी ठेवतोच तशी!"

मावशी डबा सांभाळत फाटकाबाहेर पडली. अंगण झाडणाऱ्या बायकोने केरातून बोल्ट उचलून त्याच्या नाकासमोर धरला.

"चोर परवडला, सरदारजी. तो निदान बोल्ट तरी परत लावतो."