सतराचा पाढा

दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने काढली, त्याच्यावर हॉटेलवाल्यांनी अजून खटला कसा भरला नाही कोण जाणे. कारण या हॉटेलाचा सगळा संसार डोंगर जवळूनही साजरे दिसतात, यावरच चालला होता. उताराला चिकटून खोल्यांच्या ओळी, प्रत्येक खोलीला गॅलरी, गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या आणि समोर एकामागे एक उभे डोंगर. खोलीतल्या भिंतीवरसुद्धा डोंगराचाच फोटो टांगलेला होता. म्हणजे पाठ फिरवली तरी सुटका नाही.

सगळ्यांत खालच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत मुंगी आणि तिचे वडील उतरले होते. मुंगी हे लहानपणी पडलेलं नाव. आता ती पन्नाशीला टेकलेली, अंगाने चांगली भरलेली बाई होती आणि तिला मुंगी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते माणूसही रोज थोडं थोडं कमी होत चाललं होतं, हीच तर अडचण होती.

आप्पांची सगळी नोकरी लाकडाच्या वखारीत मोजणीदार म्हणून गेली. लांबी, रुंदी, जाडी आणि गुणाकार, सगळा तोंडी. आता मात्र सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे आणि कवळी तोंडात असताना ती शोधायला ते उशा उलटत. पाढे तेवढे शाबूत होते. गॅलरीत बसून समोरच्या डोंगरांकडे ते असे बघत, जणू कुणीतरी माल उतरवून ठेवलाय आणि मोजायला आपल्याला बोलावलंय.

धाकट्या भावाने या सहलीला आधी साफ नकार दिला होता. "ताई, त्यांना घरातल्या घरात संडास सापडत नाही आणि तू त्यांना डोंगर दाखवणार?" भाऊ वाईट नव्हता. आप्पा एकदा भर रस्त्यात बसच्या पुढ्यात उभे राहिलेले सापडले, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. तो आप्पांच्या खोलीला बाहेरून कडी लावायचा. मुंगीला ती कडी बघवत नसे. ज्या माणसाने आपल्याला जन्मभर शोधून आणलं त्याला कोंडून ठेवायचं, हे तिच्या गळी उतरतच नव्हतं. शेवटी भाऊ म्हणाला, "ने. पण तू जरा बाजूला झालीस की बाहेरून कडी. तिथे काही झालं, तर आल्यावर त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं आणि मग तू तोंड उघडायचं नाहीस." मुंगी हो म्हणाली. रागात माणूस कशालाही हो म्हणतं.

शोधून आणण्याची गोष्ट खरीच होती. त्यांचं घर वखारीच्या आवारातच होतं. लाकडाच्या थप्प्या घरापेक्षा उंच आणि त्यांच्यामधल्या बोळांत पोरं हरवायची. घाबरून धावलं तर थप्पी अंगावर यायची भीती. म्हणून आप्पांनी घरापुरता एक कायदा केला होता. हरवलं की जागचं हलायचं नाही, रडायचं नाही, उभ्या जागी मोठ्याने पाढे म्हणायचे. शोधायला मी येईन. हाक थप्प्यांमध्ये घुमते, कुठून आली कळत नाही. पाढा लांबतो, त्याच्या मागे मागे येता येतं. मुंगी सतराच्या पाढ्यात अडखळायची, तेही हटकून सतरा आठेला. मग थप्पीच्या पलीकडून आधी बरोबर आकडा यायचा आणि मागून आप्पा.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मुंगी भावाला फोन करायला वर निघाली. मोबाईलला रेंज फक्त रिसेप्शनच्या पायरीवर मिळायची. आप्पा गॅलरीत घोंगडी पांघरून बसले होते. तिने दार ओढलं, कडीला हात लावला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती कडी न लावताच पायऱ्या चढून गेली.

"कडी लावलीस ना?" भावाने पहिलं तेच विचारलं.

"लावली रे बाबा."

"नक्की?"

"आता काय फोटो काढून पाठवू?"

बोलता बोलता दरीतून धुकं वर आलं. आधी लांबचे डोंगर गेले, मग जवळचे, मग हॉटेलाची खालची ओळ. मॅनेजर दारात येऊन म्हणाला, "देखावा जरा रजेवर गेला, मॅडम. येईल तासाभरात." मुंगी हसली, फोन ठेवला आणि कठड्याला धरून खाली उतरली.

खोलीचं दार सताड उघडं होतं. गॅलरीत खुर्ची होती, पण खुर्चीत आप्पा नव्हते आणि घोंगडीही नव्हती.

 तिने मनाला समजावलं की, आप्पांचाच कायदा आहे. हरवलोय असं कळलं की ते जिथे असतील तिथे थांबतील. आपण फक्त पोचायचं. या एका विचाराने ती धीर धरून वर गेली आणि मॅनेजरला म्हणाली, "माझे वडील खोलीत नाहीत. पण लांब जाणार नाहीत ते. उभे असतील इथेच कुठेतरी."

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. खालच्या ओळीपुढेच देखावा बघायचा सज्जा होता आणि त्याचं रेलिंग वेल्डिंगसाठी कालच काढून नेलं होतं. तिथे नुसती दोरी बांधलेली होती.

मग एकच पळापळ झाली. माळी डावीकडे, वेटर उजवीकडे, मॅनेजर सज्ज्याकडे. गॅलऱ्यांतून पाहुणेही मदतीला धावले, म्हणजे जागेवरून ओरडू लागले. कुणी आप्पा म्हणे, कुणी आजोबा, कुणी काका. चारही बाजूंनी हाका. धुक्यात प्रत्येक हाक भलतीकडून आल्यासारखी वाटत होती. मुंगीही घसा फोडून ओरडत होती.

"मॅडम," सज्ज्यावरून मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ही घोंगडी त्यांचीच का?"

घोंगडी दोरीच्या पलीकडे पडली होती.

 मुंगी खालीच बसली आणि तेवढ्यात, हाकांच्या गोंगाटाखालून, डावीकडच्या उतारावरून तिला आप्पांचा आवाज आला. म्हातारा, चाचरणारा नव्हे. वखारीतला, खणखणीत.

"हलू नकोस गं मुंगे. मी आलोच."

मागोमाग खडे घरंगळल्याचा आवाज आला. बराच वेळ घरंगळत गेले.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडाने ती आणखीच घाबरली. आप्पा हरवलेच नव्हते. निदान आप्पांच्या हिशेबी नव्हते. आप्पा कधी हरवतात का? हरवतात ती पोरं. खोलीत मुंगी दिसली नाही, म्हणजे मुंगी हरवली, म्हणजे शोधायला निघायचं. आणि आपण सगळे मिळून दहा दिशांनी हाका मारतोय. प्रत्येक हाकेसरशी तो माणूस त्या आंधळ्या धुक्यात एकेक पाऊल उचलतोय.

"गप्प बसा," ती म्हणाली. मग उठून जोरात म्हणाली, "सगळ्यांना गप्प करा. कुणी हाक मारायची नाही, कुणी हलायचं नाही."

"अहो, पण मॅडम—"

"तुम्ही हाका मारता म्हणून ते चालतायत. ते आता आहेत कुठे, ते सांगा."

मॅनेजरने कान देऊन ऐकलं. "आवाज माळ्याच्या पायवाटेवरून येतोय. ती दोरीपलीकडून जाते, गवत कापायला. हॉटेलाच्या पायाच्या भिंतीला लागून, थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी निघते. एका बाजूला भिंत. दुसऱ्या बाजूला..."

"आणि मी इथून बोलावलं तर?"

"सरळ इकडे येतील. मध्ये घळ आहे."

माळी म्हणाला, "मी जातो पायवाटेने, धरून आणतो." मुंगीने त्याचा हात धरला. "धुक्यातून अनोळखी माणूस अंगावर आला तर ते मागे सरकतील. सरकायला जागा आहे का?" माळ्याने मान हलवली. जागा नव्हती.

ती धावत वर गेली, जेवणघरातून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दाराच्या पायरीवर. वाटेत आप्पांनी दोनदा हाक मारली. तोंडात पदर कोंबून ती धावली, कारण इथून दिलेली ओ त्यांना घळीत नेणार होती. आचाऱ्याने तिचा चेहरा बघून न विचारता धुराचा पंखा बंद केला. भांडी घासणारी बाई हातातलं पातेलं पोटाशी धरून उभी राहिली. समोर पांढऱ्या भिंतीसारखं धुकं. पायरीपासून निघालेली पायवाट दोन पावलांवर गडप झाली होती.

आता हरवायचं होतं. पन्नाशीच्या बाईने, चार माणसांसमोर. तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि मोठ्याने सुरुवात केली.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न."

पाढा न चुकता संपला. धुकं जसंच्या तसं. पलीकडून ओ नाही, खडा नाही, काही नाही. खड्यांचा आवाज यायला नको म्हणून मघापासून देवाला विनवणारी मुंगी आता, निदान एखादा खडा तरी वाजू दे, असं म्हणू लागली. तिचे पाय पायवाटेकडे ओढ घेत होते. जावं, चार पावलं तरी जावं. हलायचं नाही, आप्पांनी सांगितलं होतं. लहानपणी तिला वाटायचं, शोधणाऱ्याचं काम कठीण आणि हरवणाऱ्याचं सोपं, नुसतं उभं तर राहायचं. ते किती कठीण असतं हे तिला आत्ता कळत होतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून धरला. आवाज फाटला होता. सतरा चोक, सतरा पंचे, मग पुढे. त्या आठेचं उत्तर तिला केव्हाच पाठ झालं होतं, स्वतःच्या मुलांकडूनही तिने ते घोकून घेतलं होतं. पण भीतीने जीभ लहानपणच्या खड्ड्यात गेली.

"सतरा आठे... सतरा आठे अठ्ठावीसासे."

"छत्तीसासे," धुकं म्हणालं.

अगदी जवळून आणि चांगलंच वैतागून. "किती वेळा सांगायचं? पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं. सतरा आठे छत्तीसासे, सतरा आठे छत्तीसासे. एका चपलेचा आवाज येऊ लागला, एक पाऊल वाजत होतं, एक नव्हतं. मग एक हात दिसला, भिंतीवरून सरकत येणारा, थप्प्यांच्या बोळातून यायचा तस्साच. हातामागून आप्पा. एक पाय अनवाणी, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. पायरीच्या अलीकडे, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ते थांबले. अनवाणी पाय वाटेच्या अगदी काठावर होता.

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ओळख पटली नाही.

"बाई," ते अदबीने म्हणाले, "इथे एक पोर पाढे म्हणत होती. कुठे गेली?" आणि ते मागे वळायला लागले.

काठाची माती सुटली. भांडीवाल्या बाईने डोळे मिटले. झेप घालून धरावं असं मुंगीला वाटलं, पण झेप घातली असती तर दोघंही गेली असती. तिने चौकट सोडली नाही.

"सतरा नवे त्रेपन्नासे," ती म्हणाली. आवाज आपोआप लहान निघाला.

आप्पा थबकले. मान वळवून त्यांनी विचारलं, "सतरा दाहे?"

"सत्तरासे."

"हं," ते म्हणाले आणि दोन पावलं पुढे येऊन त्यांनी तिचं मनगट पकडलं. लहान पोराचं धरतात तसं, घट्ट, सुटणार नाही असं. "किती शोधलं तुला. कुठे गेली होतीस?"

"हरवले होते, आप्पा." आणि तिला रडू फुटलं.

"रडायचं नाही असं ठरलंय ना? आलो ना मी?"

त्यांना आत घेऊन, पाय पुसून ती रिसेप्शनपर्यंत आली, तर तिथला फोन वाजत होता. मॅनेजर खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मघाशी घाबरून मीच रजिस्टरमधल्या नंबरवर तुमच्या भावाला कळवलं." बेल थांबेना. आता सगळं उघडं पडणार, कडी, थाप आणि हो म्हटलेला तो वृद्धाश्रम. तिने एका हाताने रिसीव्हर उचलला, कारण दुसरं मनगट आप्पांनी सोडलेलं नव्हतं.

"ताई? ताई, बोल ना."

"मी कडी लावली नव्हती," ती म्हणाली.

"आप्पा कुठेत? ताई, सापडले का?"

आप्पांनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"सापडली रे," ते म्हणाले. "जागची हलली नाही म्हणून सापडली. शहाणी आहे. तिला ओरडू नकोस." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि तू कुठे आहेस?"

 पलीकडून मुंगीला भावाचं नाक ओढणं ऐकू आलं.

"घरी आहे, आप्पा."

"एकटाच?"

"हो."

"घाबरू नकोस. उभा आहेस तिथेच थांब, मी येतो," आप्पा म्हणाले. "आणि तोवर पाढे म्हण."