लेकीच्या घरचं पाणी

गडमुडशिंगीच्या तात्यासाहेब पाटलांना विमानाचं वेड लागलंय, असं गावात सगळे म्हणत. त्यांचं उसाचं रान कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या विमानतळाला लागून होतं. दुपार कलली की "ऊस बघून येतो" म्हणून ते बाहेर पडत. ऊस काही कुठे पळून जाणार नव्हता, पण तात्यासाहेब नेमानं जाऊन तारेच्या कुंपणाशी उभे राहत. मुंबईचं पंख्यांचं विमान उतरायचं, शिडी लागायची, दहा-पंधरा माणसं खाली यायची. तात्यासाहेब कपाळावर हात धरून एकेकाची चाल बघायचे. तेवढ्या लांबून तोंड दिसत नाही, चाल दिसते. त्यांची एकुलती लेक आदिती चालताना डावा खांदा जरासा पुढे काढून चालायची. तसा खांदा त्या शिडीवरून कधी उतरला नाही.

विमान तरी कसलं लहरी! कधी सहा महिने चालू, कधी वर्षभर बंद. बंद असलं तरी हा गडी जायचाच, आणि रिकामी धावपट्टी बघून घरी आला की गड्यांवर खेकसायचा. पद्मावतीबाई मुकाट ताट वाढायच्या. नवरा कशासाठी जातो, हे त्यांना न सांगता कळत होतं. पण त्या घरात आदितीचं नाव काढायची सोय नव्हती.

गोष्ट तशी सरळ होती, माणसांनी ती वाकडी केली. सात वर्षांमागे आदितीनं अतुल कांबळेशी लग्न करायचं ठरवलं. मुरगूडच्या यल्लाप्पा गुरुजींचा मुलगा. शिकलेला, निर्व्यसनी आणि बौद्ध. पहिल्या दोन गोष्टी तात्यासाहेबांना चालल्या असत्या. लग्नाची बोलणी करायला गुरुजी भर चैत्रातल्या उन्हात स्वतः गडमुडशिंगीला आले. तात्यासाहेबांनी त्यांना ओट्यापाशी उभं ठेवलं. "बसा" म्हटलं नाही. आमच्याकडे वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग गाव विचारतात. पद्मावतीबाई तांब्या भरून दारापर्यंत आल्याही होत्या. तात्यासाहेबांनी नुसती मान हलवली, आणि त्या तांब्यासकट आत वळल्या. गुरुजींनी रुमालानं ओठ पुसले, हात जोडले आणि एस.टी. धरायला चालू लागले. आदिती हे सगळं माडीवरून बघत होती. पुढच्या महिन्यात तिनं लग्न केलं आणि दोघं सिंगापूरला गेली.

नंतर लोक विचारायचे, "तात्या, लेकीकडं जाऊन आला न्हाईसा व्हय?" जातीचं कारण सांगायची आता चारचौघांत पंचाईत. मग त्यांना एक अब्रूदार कारण सापडलं. "आमच्यात रीत हाय. लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. मग जाऊन करायचं काय?"

रीत खोटी नव्हती. तात्यासाहेबांचे वडील थोरल्या लेकीकडे हातकणंगल्याला जाताना घरून पाण्याचा तांब्या भरून न्यायचे आणि नातवंड झालं त्या दिवशी तिथे पाटावर बसून पोटभर जेवले. पण रीत म्हणजे जाडजूड खांब असतो. त्याच्या आधारानं घर उभं राहतं, आणि लपायचं असेल तर त्याच्याआड लपताही येतं. तात्यासाहेब सात वर्षं लपले.

अशात एका वैशाखात आदितीनं दोन तिकिटं पाठवली. कोल्हापूर ते मुंबई आणि तिथून सिंगापूर, सगळीकडे बिझनेस क्लास. पुतण्या बाळासोनं ती उलटीपालटी करून बघितली आणि डोळेच मोठे केले.

"काका, ही म्होरली ऐसपैस खुर्ची. मागल्या लोकांना आपण दिसू नये म्हणून मधी पडदा असतोय."

"पडद्याआड बसाय मी काय नवरी हाय?" तात्यासाहेब गुरगुरले. "न्हाई जायाचं. दे माघारी धाडून."

"मी जाणार हाय," पद्मावतीबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांच्या संसारात बाईनं असं वाक्य उच्चारलं नव्हतं. कोल्हापूर-सांगलीच्या बाहेर त्या गेल्या त्या एकदाच, श्रवणबेळगोळला, तेही सगळ्या गावाबरोबर. तात्यासाहेब दोन दिवस घरात फक्त जेवायला आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुंबईत हुकलीस तर कोण बघणार? मी येतो. तुला दारात सोडतो आणि माघारी फिरतो. पर तिच्या घरचा थेंब घेणार न्हाई. रीत म्हंजे रीत."

"बरं," पद्मावतीबाई म्हणाल्या. इतक्या चटकन बरं म्हणाल्या, तिथेच तात्यासाहेबांनी ओळखायला हवं होतं.

पासपोर्ट-व्हिसाची धावपळ बाळासोनं केली. आता पुढचा पेच. तिकीट लेकीचं, मग विमानातल्या पाण्याचं काय? संध्याकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन करून येताना त्यांनी आण्णा चौगुल्यांना गाठलं. आण्णा रीतीभातीत गावात पक्के. त्यांनी थोडा विचार करून निकाल दिला, "तिकीट लेकीचं म्हंजे खुर्ची लेकीची. खुर्चीवर मिळंल ते लेकीचंच की!"

झालं. तात्यासाहेबांनी प्लॅस्टिकचा पाच लिटरचा कॅन आणला, विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं स्वतः गाळलं आणि गच्च भरलं. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे. सिंगापूरच्या दारात उभं राहून माघारी फिरायला एवढं पुरेल असा त्यांचा हिशेब होता. पद्मावतीबाई बघत होत्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

विमानतळावर तपासणीला गारगोटीचा सयाजी म्हणून पोलीस होता. त्यानं कॅन बघितला आणि हात आडवा केला.

"पावणं, ह्यो आत जाणार न्हाई."

"अरं, घरच्या विहिरीचं पाणी हाय. गाळल्यालं."

"दूध असलं तरी न्हाई सोडता येत. प्यायचं तेवढं हितंच प्या, ऱ्हायलेलं ठेवा."

तात्यासाहेबांचा पारा चढला. "तूच पी मग सगळं!" म्हणून त्यांनी कॅन तिथल्या टेबलावर आदळला आणि तरातरा आत गेले. रागाच्या भरात स्वतः एक घोट घ्यायचं सुचलं नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो असा.

आत बसल्यावर कळलं की मुंबईहून विमानच उशिरा येतंय. धावपट्टीवर दिवे नव्हते. दिवस मावळायच्या आत विमान उडालं नाही तर आज जाणं रद्द. तिथली माणसं घड्याळाकडे आणि पश्चिमेकडे आळीपाळीनं बघू लागली. तात्यासाहेबांना गंमत वाटली. आम्ही जैन माणसं दिवस मावळला की पाणीसुद्धा तोंडाला लावत नाही.

"ह्यो विमानतळबी आमच्यातलाच दिसतोय," ते म्हणाले. "सूर्य बुडाला की उपास."

पण हसू टिकलं नाही. विमान रद्द झालं तर बरं, असं ते मनाशी म्हणत होते, आणि दर मिनिटाला उठून काचेतून आभाळात विमान शोधत होते. लेकीला बघायचं होतं. सात वर्षं रोज बघायचं होतं. ती काय खाते, केस अजून तसेच लांब आहेत का, चिडली की अजून तशीच पाय आपटते का, सगळं बघायचं होतं. हे ते कुणाला सांगणार? सांगायला तोंड त्यांनीच ठेवलं नव्हतं.

विमान आलं. घाईघाईनं माणसं उतरली, घाईघाईनं ही दोघं चढली. सगळ्यात पुढे, पडद्याच्या अलीकडे, डाव्या बाजूला दोघांच्या रुंद खुर्च्या. तात्यासाहेब खिडकीशी बसले ते हात गुडघ्यांवर ठेवून, खुर्ची मळली तर भरून द्यावी लागेल अशा बेतानं. हसऱ्या तोंडाची मुलगी ऊन ऊन ओला रुमाल घेऊन आली.

"नको," तात्यासाहेब म्हणाले. "त्यातबी पाणीच हाय."

मग तिनं पाण्याचे दोन पेले आणले आणि खुर्च्यांच्या मध्ये पाण्याची एक छोटी बाटलीही ठेवली. घसा कोरडा पडला होता, तरी तात्यासाहेबांनी मान फिरवली. पद्मावतीबाईंनी मात्र पेला उचलला. खिडकीतून सूर्याकडे एकदा बघितलं, अजून बोटभर वर होता. आणि त्या सगळा पेला प्यायल्या.

तात्यासाहेब बघतच राहिले. ज्या बाईनं कधी चतुर्दशीचा उपास मोडला नाही, तापातसुद्धा रात्री औषधाला पाणी घेतलं नाही, ती बाई!

"अगं, काय केलंस हे? लेकीचं पाणी प्यालीस?"

"प्याले."

"आणि रीत?"

"रीत कुठं मोडली?" असं म्हणून त्यांनी पेला खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

बाहेर पंखे फिरायला लागले. तात्यासाहेबांच्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं. रीत मोडली नाही. पाणी तर प्यायली. आणि पद्मावती रीत मोडणारी नव्हे. म्हणजे...

"कधी?" ते खिडकी सोडून तिच्याकडे वळले.

"दिवाळीच्या मागनं. पोरगी हाय. अक्षता नाव ठेवलंय. आता बसाय लागलीया, फोनवर आदितीच सांगत हुती."

"आणि मला आत्ता सांगतीस?"

"घरात सांगितलं असतं तर ताटावरनं उठून उसाकडं गेला असता." पद्मावतीबाईंनी त्यांच्या पट्ट्याचा चाप ओढून बघितला, घट्ट होता. "हितनं उठून कुठं जाणार?"

विमान धावलं आणि उचललं गेलं. खाली त्यांचं रान आलं, उसाचा हिरवा तुकडा, तारेचं कुंपण, कुंपणाशी ते रोज उभे राहत ती बाभूळ. बाभूळ दिसली, पण तिच्याखाली माणूस उभा असता तर तो वरून दिसला नसता. आदिती कधी या विमानात असती तरी तिला आपला बाप दिसला नसता. तात्यासाहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नात सहा महिन्यांची झाली आणि आपण कुंपणाशी उभे होतो.

पद्मावतीबाई आता त्यांच्याकडे न बघता बोलल्या. "आता रीत आडवी येत न्हाई. आता न्हाई प्याला, तर ते दुसऱ्याच कारणानं. ते कारण तुमास्नी ठावं हाय. मलाबी हाय. त्या दिशी भरल्याला तांब्या माझ्याच हातात हुता."

तात्यासाहेबांना रुमालानं ओठ पुसणारे गुरुजी आठवले. विसरले कधी होते? मुरगूड ते गडमुडशिंगी, दोन एस.टी. बदलून, पोराच्या सुखासाठी आलेला बाप. त्याला किती तहान लागली असेल, हे त्यांना आज, स्वतःची जीभ टाळूला चिकटल्यावर कळत होतं. लाज वाटली. इतकी की त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. पश्चिमेला डोंगराच्या कडेमागे सूर्य नाहीसा झाला होता.

"मावळला," ते हळूच म्हणाले. "आता काय घेता येत न्हाई." माणूस बुडताना काडी शोधतो, तशी त्यांना ही सापडली होती.

विमान चढत राहिलं. डोंगराची कड खाली खाली गेली, आणि तिच्या मागून सूर्य परत वर आला. आधी नुसती लाल कोर, मग अर्धा, मग जवळजवळ सगळा. खिडकी, खुर्ची, तात्यासाहेबांचे गुडघ्यांवरचे हात, सगळं तांबूस झालं. साठी ओलांडलेल्या त्या माणसानं मावळलेला दिवस माघारी आलेला कधी बघितला नव्हता.

"बघा," पद्मावतीबाई एवढंच म्हणाल्या.

तात्यासाहेबांनी मधली बाटली उचलली. झाकण निघेना. पद्मावतीबाईंनी ते काढून दिलं. ते गटागटा प्यायले, सदऱ्यावर सांडेपर्यंत प्यायले. पाणी गाळलेलं आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. बाटली रिकामी झाली तेव्हा सूर्य दुसऱ्यांदा खाली जायला लागला होता.

रिकाम्या बाटलीला त्यांनी झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "माघारी आलो की मुरगूडला जाऊ. गुरुजींच्या घरी. पाणी प्यायला."

"त्यांनी दिलं तर," पद्मावतीबाई म्हणाल्या.