चढता ऊ

"पाणी म्हणा काकू. पा... णी."

वाचाउपचारवाल्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. मिस्त्रींच्या बायकोने ओठ मिटायचा प्रयत्न केला, पण ते मिटेनात. मग नवऱ्याकडे बघत, आवाज खालून वर नेत ती स्वच्छ म्हणाली, "ऊ."

मिस्त्री ताडकन उठले आणि पाणी घेऊन आले.

"हे काय काका?" बाईंनी विचारलं.

आता सांगणं भागच होतं. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करता करता मिस्त्रींनी एक भाषा रचली होती. सात स्वर, प्रत्येकाचे तीन सूर: चढता, उतरता आणि सपाट. लिहिताना चढत्याला वर टिंब, उतरत्याला खाली, सपाटाला काहीच नाही. चढता ऊ म्हणजे पाणी, उतरता ऊ म्हणजे उशी. चार वह्या भरल्या, पण बोलायला कुणी नव्हतं. बायको म्हणायची, "घरात दोन शब्द बोलायचे तर यांचं तोंड दुखतं, आणि वह्या भरायला बरी उसंत मिळते."

मग तिला अर्धांगाचा झटका आला. व्यंजनं गेली, स्वर तेवढे उरले. मिस्त्रींनी वह्या काढल्या. महिन्याभरात तिने साठ शब्द उचलले. परवा तर वरच्या मजल्यावरच्या चौकस शेजारणीसाठी तिने स्वतःच एक शब्द बनवला आणि दोघं पोट धरून हसली. बायको अंथरुणाला खिळलेली असताना आपल्याला इतका आनंद व्हावा याची मिस्त्रींना लाज वाटत होती, पण आनंद होत होता हे खरं.

"हे बंद करा काका," बाई म्हणाल्या. "गरज भागली की जीभ कष्ट घेत नाही. झटक्यानंतर बोलणं परत यायला हेच महिने हातात आहेत. उद्या तुम्ही नसलात तर त्या पाणी कुणाकडे मागणार?"

बाई गेल्यावर मिस्त्रींनी वह्या दोरीने बांधून माळ्यावर टाकल्या. बायको बघत होती.

"आजपासून मला ते येत नाही," ते म्हणाले. "ऐकलंस ना?"

दुपारी ते तिच्या उशाशी बसून मटार सोलत होते. ती म्हणाली, "ऊ."

"काय हवंय? मला नाही कळत."

"ऊ." सूर इतका नेमका चढला, की तसा तो त्यांना स्वतःलाही कधी जमला नव्हता. तांब्या हाताच्या अंतरावर होता. मिस्त्रींनी मान वर केली नाही. ती रागाने त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने डोळे मिटले आणि खालचा ओठ हळूहळू वर आणायला लागली.

मिस्त्री शेंगा सोलत राहिले. दाणे सालांच्या ढिगात पडत होते.