बसस्थानकातला दगडी कान

मी एक जुना कान आहे. दचकू नका, मित्रांनो! मी काळ्या दगडाचा आहे, माणसाहून उंच, आणि एका बसस्थानकाच्या आवारात एकटाच उभा आहे. जोडीला दुसरा नसल्यामुळे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देण्याची सोय मला नाही.

मला एका शिल्पकार बाईंनी घडवलं. शेवटी त्यांनी माझ्यात एक निमुळतं भोक आरपार पाडलं. पाहायला आलेले साहेब म्हणाले, "शोभेचाच कान ना, बाई? मग भोक कशाला?"

"कान आहे, तर ऐकू गेलं पाहिजे," बाई म्हणाल्या.

एका बाजूला कुजबुजलेलं दुसऱ्या बाजूला लख्ख ऐकू जाई. पण ही गंमत फार थोड्यांना ठाऊक होती, कारण पाटी लावायची राहूनच गेली.

मग काय, बसमधून जो उतरे तो माझ्यापुढे अक्कल पाजळे. कुणी शंख म्हणे, कुणी प्रश्नचिन्ह. एका प्राध्यापकांनी तर बायकोला सांगितलं, की हा माणसाचा एकाकीपणा आहे. ती म्हणाली, "अहो, कान आहे तो. घरी वापरत नाही ना, म्हणून ओळखू आला नाही." मला कशाचाच राग येत नसे. मी कोण आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा एक मावशी लहान भाचीला घेऊन उतरली. मुलीची आई गेली होती आणि मावशी तिला कायमची आपल्या घरी नेत होती. मुलगी प्रवासभर एक शब्द बोलली नव्हती. मावशी दमून माझ्या मागे सावलीत टेकली. मुलगी पुढून आली, टाचा उंचावून तिने भोकाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "मला मावशीकडे नाही राहायचं. मी तिच्याशी रोज भांडेन."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनेही भोकाशी तोंड नेलं. "भांड की! माझ्या घरात भांडायला कुणी नाहीच."

मुलगी आधी घाबरली, मग खुदकन हसली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

पुढे कुणी बडे पाहुणे यायचे ठरले. "आवारातले सगळे खड्डे, भोकं बुजवा," असा हुकूम निघाला. गवंडी हुकमाचा पक्का. त्याने खड्डे बुजवले, उंदरांची बिळं बुजवली आणि मलाही सिमेंटने लिंपून टाकलं. वरून हात फिरवत म्हणाला, "आता कसा गुळगुळीत!" पाहुणे काही आले नाहीत. माझ्या अंगावर जाहिराती चिकटल्या, पायाशी चहाचे कागदी पेले साठले. त्याचं एवढं दुःख नव्हतं. लोक बोलत ते माझ्यातच अडकून राही, त्याचं वाईट वाटे.

आणि एका दुपारी गाडी थोडा वेळ थांबली तेव्हा तीच भाची उतरली, आता मोठी बाई झालेली. थकलेल्या मावशीला ती आपल्या घरी नेत होती, आणि या खेपेला मावशी प्रवासभर गप्प होती. भाचीने तिला माझ्यापुढे उभं केलं, स्वतः मागे गेली आणि ओरडली, "अगं बाई, हे कुणी बंद केलं?"

स्थानकप्रमुख धावत आले. "ताई, भोक पडलं होतं, म्हणून बुजवलं."

"पडलं नव्हतं, मुद्दाम पाडलं होतं! ड्रायव्हरदादा, हातोडी आहे का?"

"आहे, पण गाडी सुटायची वेळ झाली."

"मावशी बोलल्याशिवाय मी गाडीत चढणार नाही."

"फोडा हो, आम्हालाही बघू दे," प्रवासी म्हणाले. ड्रायव्हरने घाव घातले, सिमेंट गळून पडलं आणि माझ्यातून वारा खेळला.

मावशीने भोकाशी तोंड नेलं. मग हळूच म्हणाली, "मला नाही यायचं तुझ्याकडे. माझी किरकिर वाढलीय. रोज भांडणं होतील."

"होऊ देत की! तिकडे तुझ्या तोडीचं भांडणारं कुणी नाहीच."

मावशी तशीच हसली, खुदकन. म्हणाली, "पाणी दे आधी. सकाळपासून घसा कोरडा पडलाय."

मित्रांनो, फिरायला जाल तिथे माझ्यासारखं काही दिसलं, तर त्याला हवं ते नाव द्या, खुशाल हसा. पण बिनकामाचं म्हणून काही बुजवण्याआधी एकदा तिथे तोंड नेऊन बोलून पाहा. पलीकडे कदाचित तुमचंच माणूस टेकून बसलेलं असेल.