पायाचा जोर न कळणारी सायकल

मित्रांनो, मी एक विजेची सायकल आहे. जुनी म्हणावं तर माझे टायर अजून कोरे आहेत. मी पुरते वीस दिवसही चालले नाही. आता दोन वर्षं गॅलरीत उभी आहे आणि माझ्या हँडलवर टॉवेल वाळतात.

माझ्या पेडलजवळ एक चकती आहे. तिच्यात बारीक लोहचुंबक बसवलेले आहेत. पाय फिरला की ते मला कळतं आणि मी मोटर सुरू करते. पाय किती जोरानं फिरला, हे मात्र मला कळत नाही. तशी सोयच माझ्यात नाही. दुकानात माझ्या शेजारी एक सायकल होती, तिला जोर कळायचा. पाय हलका पडला तर ती हलकीच मदत करायची.

आम्हाला बघायला काटेकाकांचा मुलगा आला होता. काटेकाका घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारत. त्यांच्या घड्याळांच्या दुकानाकडे जाणारा चढ त्यांच्या गुडघ्यांना झेपेनासा झाला होता.

सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकबाईंनी आम्हा दोघींमधला फरक समजावला आणि म्हणाल्या, "काकांनाच घेऊन या. दोन्ही चालवून बघू देत."

"त्यांना काय कळतंय यातलं?" मुलगा हसून म्हणाला. "नुसता पाय फिरवायचा, जोर लावायचा नाही. हीच बरी."

चाळीस वर्षं दातेरी चाकांशी खेळलेल्या माणसाबद्दल तो हे बोलत होता.

काकांनी मला पाहिलं आणि ते लहान मुलासारखे खुलले. पहिल्या दिवशी चढ संपल्यावर त्यांनी माझ्या सीटवर थाप मारली. "शाब्बास गं बाई!" मला केवढा अभिमान वाटला! पण कोपऱ्यावर वेग कमी करून त्यांनी पेडल हळूच फिरवलं, की मी त्यांना हिसका द्यायची. घरी आल्यावर ते म्हणाले, "अरे, ही मध्येच ढकलते रे."

"सवय होईल, बाबा," मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

विसाव्या दिवशी सकाळी त्याच कोपऱ्यावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. काका थांबले. ती पुढे सरकतेय असं वाटून त्यांनी ब्रेक सोडला आणि तोल सावरायला पेडल जरासं फिरवलं, साध्या सायकलवर आयुष्यभर फिरवत आले तसं. तेवढ्यात बाई बाळाचं पडलेलं पांघरूण उचलायला थबकली. मला फक्त पाय फिरल्याचं कळलं. मी सगळा जोर लावून उसळले. समोर बाबागाडी होती. काकांनी मला भिंतीवर घातलं.

बाळाला काही झालं नाही. काकांचं उजवं मनगट मोडलं.

मुलानं मला लाथ घातली. "भिकार सायकल!" मेकॅनिकबाई येऊन तपासून गेल्या आणि "हिच्यात काही बिघाड नाही," म्हणाल्या. ते मला लाथेपेक्षा जास्त लागलं.

प्लास्टर निघालं, पण हाताची थरथर राहिली. चिमट्यात स्क्रू टिकेना. काकांचं दुकान बंद झालं. एका दुपारी काका माझ्यापाशी बसले आणि डाव्या हातानं चकती फिरवून पाहू लागले. पाच मिनिटांत त्यांना सगळं उमगलं.

"हिला फक्त फिरणं कळतं," ते मुलाला म्हणाले. "हिचा काय दोष? मला एकदा विचारलं असतंस तर..."

"तुमच्या भल्यासाठीच आणली ना मी? आता किती दिवस तेच उगाळणार?"

काका उठून आत गेले. त्या दिवसापासून ते गॅलरीत फारसे येत नाहीत.

मित्रांनो, सायकल घेताना रंग आणि वेग खुशाल बघा. पण पेडलवर पाय टेकताच ती कशी वागते, हे आधी चालवून बघा. आणि ज्याला ती चालवायची आहे, त्याला सोबत न्या. माझ्यासारखीला घरी आणून मग दोष देऊ नका.

काल मुलानं काकांसाठी एक उंच, गुबगुबीत खुर्ची आणली. काका तिच्यावर बसले. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"आवडली ना, बाबा?"

"छान आहे," काका म्हणाले.