डबा बंद करू नका

जेवणाची सुटी नुकतीच संपली होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका दुमजली इमारतीत उज्मा कॉम्प्युटरपुढे बसली होती. वऱ्हाडातल्या लॅबचे आणि रक्तपेढ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम तिची कंपनी करत असे. अमरावतीची एक रक्तपेढी तिच्या वाट्याला आलेली, आणि तिथलं मशीन ती इथूनच नेटवरून चालवत होती. तिथल्या मशीनची डिस्क गच्च भरली होती, त्यामुळे आठवडाभर बॅकअपच झाला नव्हता. जुने बॅकअप पुसायचे आणि जागा करायची, एवढंच काम होतं.

तिने ऑफिसच्या सामायिक नोट्स उघडल्या. तिचे वरिष्ठ नितेश सर यांनी त्यात कमांडचे कितीतरी तयार तुकडे जमवून ठेवले होते. डिस्क भरली तर हा, प्रिंटर अडला तर तो. ज्याला लागेल त्याने उचलावा आणि चिकटवावा. उज्माने दोन ओळी उचलल्या. पहिली ओळ सांगत होती, जुन्या बॅकअपच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी सांगत होती, इथलं सगळं पूस.

एंटर दाबला आणि स्क्रीनवर उत्तर उमटलं, असा फोल्डर नाही.

अमरावतीच्या मशीनवर त्या फोल्डरला दुसरंच नाव असेल, असं म्हणून ती यादी बघायला गेली. पहिली ओळ फसली होती, पण दुसरी काही थांबली नव्हती. कमांड ज्या फोल्डरमध्ये चालत होती तिथलंच सगळं तिने पुसलं होतं. आणि किती जागा अडली आहे हे पाहायला उज्मा मघाशी शिरली होती ती रक्तपेढीच्या चालू डेटाच्या फोल्डरमध्ये.

यादी कोरी होती.

 कोणती पिशवी कोणत्या गटाची, तपासणीत कोणती साफ निघाली, कोणती बाद, हे सगळं त्या फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये होतं. रविवारी चांदूर बाजारला रक्तदान शिबिर झालं होतं. त्या पिशव्या फ्रीजमध्ये शाबूत असतील, पण यातली माणसाला चढवायची कोणती, हे सांगणारं आता काही उरलं नव्हतं. पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या म्हणजे तोवर पेढी बंद. आणि तोवर कोणाला रक्त लागलं तर?

 त्या घबराटीतच तिला एक गोष्ट आठवली. पेढीच्या मशीनवरच्या लिनक्स सिस्टीममध्ये फाइल पुसली तरी ज्या प्रोग्रामने ती उघडी धरलेली असते, त्याच्या मुठीत ती तशीच राहते. प्रोग्राम थांबला, की मूठ उघडली आणि फाइल कायमची गेली. तिने घाईने पाहिलं. रक्तपेढीचा प्रोग्राम अजून चालू होता. फाइलच्या नावापुढे ‘पुसलेली’ असा शेरा होता, पण ती होती.

म्हणजे आता तो कॉम्प्युटर कोणी बंद करता कामा नये.

तिथल्या तंत्रज्ञ पौर्णिमाताईंचा मोबाइल वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग तिने पेढीचा नंबर लावला. तो शिपाई पुंजाराम यांनी उचलला.

“काका, मी उज्मा, अकोल्याहून. ताई कुठं हायेत?”

“आत रक्त काढून राहिल्या. बरं झालं तुमी फोन केला. हा कम्प्युटर मघापासून अडकून राहिला. मी म्हटलं, एकडाव बंद करून चालू करतो.”

“काका, हात लावू नका. डबा बंद करू नका.”

“काहून? नेहमी तर करतो आमी.”

“आज नका करू. तो बंद झाला तर शिबिरातलं सगळं रक्त वाया जाईन. तुमी तिथंच उभे राहा, कोणालेच हात लावू देऊ नका. अन् ताईले हाका मारा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “उभा हाय मी,” एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी मोठ्याने हाक दिली.

ताई आल्या. “काय झालं, उज्मा? पुंजारामभाऊ मलेबी टेबलाजवळ येऊ नाही देऊन राहिले.”

“ताई, माझ्या हातून डेटा पुसला गेला.”

“कोणता डेटा?”

“सगळा.”

 ताईंच्या मागून एक बारीक आवाज येऊ लागला. टुं... टुं...

“हे काय वाजून राहिलं?” उज्माने विचारलं.

“लाइन गेली. जनरेटर फ्रीजवर हाय. कम्प्युटर अन् नेटचा डबा यूपीएसवर.”

“किती टिकते?”

“नवा होता तवा टिकायचा. आता काय सांगू.”

फाइलची प्रत काढायला जागा हवी होती, आणि डिस्क तर गच्च भरलेली. म्हणजे आधी जुने बॅकअप पुसायला हवे होते. पुन्हा तीच पुसायची कमांड. त्याआधी यूपीएसवरचा भार कमी करायला हवा होता.

“ताई, प्रिंटरची पिन काढा. अन् स्क्रीन बंद करा, फक्त स्क्रीन. दाबायच्या आधी बोट कुठं हाय ते सांगा.”

“स्क्रीनच्या खाली, उजवीकडे.”

“दाबा.”

 तिच्याकडचा कर्सर लुकलुकत राहिला. मशीन जिवंत होतं.

जुने बॅकअप दुसऱ्याच नावाच्या फोल्डरमध्ये सापडले. या वेळी तिने काहीच चिकटवलं नाही. एकेका फाइलचा पूर्ण पत्ता हाताने टाइप केला, प्रत्येक अक्षर फोनवर मोठ्याने वाचलं. ताईंना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्या दर ओळीला “हं” म्हणत होत्या. मनात अल्लाहचं नाव घेऊन तिने एंटर दाबला. जागा झाली. मग तिने प्रत काढायची कमांड दिली.

कर्सर थिजला. प्रत होत आहे की तिकडचं मशीन मेलं, हे कळायला मार्ग नव्हता. यूपीएसचा आवाज आता तुटक राहिला नव्हता, एकसारखा येत होता.

“उज्मा, हा जाते बरं आता.”

कर्सर परत आला. सगळं डिस्कवर पक्कं लिहून घ्यायची कमांड तिने टाइप केली, एंटर दाबला आणि काही उमटायच्या आत तिची स्क्रीन गोठली. फोनमधला यूपीएसचा आवाजही बंद पडला.

“गेला,” ताई म्हणाल्या.

लाइन यायला दिवस कलला. तोवर उज्मा खुर्चीवरून उठली नाही. नितेश सर येऊन मागे उभे राहिले, तिने त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं. ते त्या दोन ओळींकडे बघत राहिले. “पहिली फसली तर दुसरीनं थांबाले पाहिजे होतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मीच लिहेल हाय हे.”

मशीन सुरू झालं. उज्माने डोळे बारीक करून यादी उघडली. प्रत होती. ती तिने जागेवर ठेवली, प्रोग्राम चालू केला आणि ताईंना चांदूर बाजारच्या पिशव्या काढायला सांगितल्या. ताई पिशवीवरचा नंबर वाचत, उज्मा फाइलमधला गट आणि निकाल सांगत जाई आणि ताई तो गट पिशवीवरच्या गटाशी ताडून बघत. एकही चुकला नाही. शेवटची पिशवी झाली आणि उज्माने नाक ओढलं.

“रडून राहिली का तू?” ताईंनी विचारलं.

“नाही.”

“घरी जा आता. अन् काही खाय.”

निघण्याआधी तिने आणि सरांनी बॅकअप सुरू करून तो पुरा होईपर्यंत पाहिला. मग नोट्समधल्या त्या दोन ओळी तिने अशा जोडल्या, की पहिली जमली तरच दुसरी चालेल. खाली लिहिलं, ही चूक अमरावतीच्या मशीनवर झाली, उज्माकडून.

“नाव काढून टाक,” सर म्हणाले. “लोक तेच ध्यानात ठेवतीन.”

“राहू द्या, सर.”

सरांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि तिच्या नावाच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. मग ते दोघं पहिल्यापासून एकेक तुकडा तपासायला बसले.